बघा बरं, वाढून राहिला का?

आधी उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात जायचं. मग ते आतून गालाला लावून, कापडाच्या दुकानात साडीचा पोत दाखवतात तसा गाल ताणला जायचा. मान उन्हाकडे वळायची. समोरच्यानं वाकून आत नजर टाकली, की बोट बाहेर यायचं आणि प्रश्न यायचा, "बघा बरं, वाढून राहिला का?"

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कुणाला छातीत धडधडतं, कुणाला पाठीत काहीतरी फिरतं. आमच्या साहेबांना तोंडात डाग होता.

वसमतच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं आणि आम्हा कंडक्टरांच्या कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत. "औंढा, हिंगोली, कनेरगाव नाका मार्गे वाशीम" एवढं ते म्हणाले, की बाहेर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून बसायचं. पण माइक बंद झाला, की तेच तोंड दुसऱ्या कामाला लागायचं.

मी नवीन नवीन कंडक्टर झाले होते. पहिल्याच दिवशी सही घ्यायला खिडकीशी गेले, तर साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि तोंड उघडलं. मी तांड्यावरची. आमच्या आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिलेला. जनावर घेताना दात कसे बघायचे, हे आमच्या घरात लेकरांनाही कळतं. मी आत बघितलं आणि खरं ते सांगितलं, "दात चांगले आहेत, साहेब."

साहेब भडकले. "दात कोण विचारून राहिलं? डाग बघ, डाग! गालाला पांढरा हाय बघ. आन् हिरडीवर जांभळट."

मी पुन्हा बघितलं. गालाला आतून तांदळाच्या कणीएवढं पांढुरकं काहीतरी होतं. हिरडी सावळी होती, साहेबांसारखीच. "दिसतोय," म्हटलं. साहेबांचा चेहरा एकदम समाधानी झाला. सही झाली. पुढे मला कळलं, की "दिसतोय" म्हणणाऱ्याची सही लवकर व्हायची. "काही नाही हो साहेब" म्हणणाऱ्याला त्याचे कागद पुन्हा एकदा तपासून मिळायचे.

स्टँडवरच्या चहावाल्यानं तो डाग पाहिला होता. केळीवाल्यानं पाहिला होता. समोरच्या मेडिकलमधल्या मुलानं पाहिला होता आणि दर खेपेला एक मलमाची ट्यूब विकली होती. एकदा औंढ्याच्या गाडीची वाट बघत गुरांचे डॉक्टर उभे होते. साहेबांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला आणि गाल ताणला. गुरांच्या डॉक्टरांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "बघितलं असतं हो. पण माझे पेशंट बोलत नसतात. तुमी लई बोलता." पुढे कितीतरी दिवस साहेब त्या डॉक्टरांच्या गावची गाडी माइकवर एकदाच पुकारायचे.

मग साहेबांच्या हातात टॉर्चवाला मोबाइल आला. आमच्या आगाराचा एक ग्रुप होता. त्यावर सकाळी फुलांचे फोटो यायचे, ड्यूटीचे बदल यायचे. आता साहेबांच्या गालाचे फोटो यायला लागले. लालभडक, ओलसर, मधोमध पांढरा ठिपका. पहिल्या दिवशी कुणाला कळेचना हे काय आहे. एका ड्रायव्हरनं हात जोडले, एकानं "अप्रतिम" लिहिलं आणि कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आमचे हेडमेकॅनिक म्हणाले, "सायलेन्सरच्या आतला फोटो हाय काय?"

एका हळदीच्या व्यापाऱ्यानं त्यांना ओल्या हळदीचं कांड गालात धरायला सांगितलं. वसमतमध्ये हळदीला काय तोटा! साहेबांनी आठवडाभर कांड धरलं. गाल, दात, जीभ, ओठ, सगळं पिवळं झालं. पांढरा डागही पिवळा झाला आणि साहेब पांढरे पडले. "रंग बदलून राहिला," ते मला खिडकीतून कुजबुजत म्हणाले. "रंग बदलणं लई वाईट असतं, बाई."

तुम्ही विचाराल, एवढं होतं तर डॉक्टरकडे का गेले नाहीत? मीही विचारलं होतं. ते म्हणाले, "डॉक्टर काय करतो? नाव ठेवतो. आज हा नुसता डाग हाय. उद्या डॉक्टरनं त्याला एक नाव ठेवलं, की मंग ते नाव घेऊनच घरी यावं लागतं."

यावर मी हसले होते. पण त्यांच्या भीतीला एक चेहरा होता, तोही सांगायला हवा. त्यांच्याच वयाचे एक ड्रायव्हर होते. दोघं जोडीनं तंबाखू मळायचे. त्या ड्रायव्हरचं तोंड हळूहळू उघडेनासं झालं. आधी भाकरीचा घास जाईना, मग चमचा जाईना, शेवटी नळीनं पाणी. साहेब त्यांना भेटून आले, स्टँडच्या मागे जाऊन तोंडातली तंबाखू थुंकली, आणि पुन्हा कधी खाल्ली नाही. एका झटक्यात सोडली, हे खरं आहे, आणि ते सोपं नसतं. फक्त त्यानंतर ते ज्याला-त्याला उपदेश करायला लागले. फलाटावर कुणी पुडी फोडली, की माइकवरून आवाज यायचा, "निळ्या सदऱ्यातले पाहुणे, तुमच्या लेकराबाळांचा विचार करा!" अख्खं स्टँड निळ्या सदऱ्याकडे बघायचं.

आणि हाच माणूस ड्यूटी संपल्यावर पानठेल्यावरून तंबाखूचा पुडा घेऊन घरी जायचा. बायकोच्या मिसरीसाठी. तंबाखू तव्यावर भाजून, काळी कुळकुळीत पूड करून बायका दाताला लावतात, ती मिसरी. मी एकदा त्यांना हटकलं, तर म्हणाले, "ती खात न्हाई ना. दाताला लावते. बाईमाणसाला तेवढं लागतंच."

ह्या बाईमाणसाबद्दल अजून मी काही सांगितलं नाही. कारण स्टँडवर तिच्याबद्दल कुणी काही बोलतच नसे. साहेबांचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. दुपारी काकू डबा घेऊन यायच्या. बारीक अंगाच्या, पदर डोक्यावरून घेऊन त्याचं टोक तोंडावर धरलेलं. बाकड्यावर बसायच्या, साहेबांचं जेवण होईस्तोवर थांबायच्या, रिकामा डबा घेऊन जायच्या. कुणी काही विचारलं तर मान हलवून उत्तर द्यायच्या. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे, लाजते. साहेब त्यांना "अगं" म्हणायचे आणि आमच्याशी बोलताना "आमचं घर" म्हणायचे. "आमच्या घराला काही होत न्हाई," ते कौतुकानं सांगायचे. "लोखंड हाय लोखंड. उभ्या जन्मात डोकं दुखलं म्हणली न्हाई."

एका वर्षी डब्यातली भाजी बदलली. आधी त्या डब्याचं झाकण उघडलं, की शेजारच्या टेबलावरचा माणूस शिंकायचा, असं झणझणीत असायचं. आता वांगं पांढरं यायला लागलं. वरणात मिरची नाही, ठेचा बंद, भाकरीबरोबर दही. साहेबांनी दोन दिवस नाक मुरडलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ते सगळ्या स्टँडला सांगितलं.

"बघा," भाकरी मोडत ते म्हणाले, "मी सांगितलं न्हाई काही. पण तिला कळलं. माझ्या तोंडाला तिखट बरं न्हाई म्हणून तिनं आपसूक मिरची बंद केली. याला म्हणतात संसार!"

काकू बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर थोडा वर ओढला.

पुढे आमच्या स्टँडवर कर्मचाऱ्यांसाठी तपासणीचं शिबिर लागलं. रक्तदाब, साखर, डोळे, आणि एका टेबलावर दातांच्या डॉक्टर मॅडम. वयानं माझ्यापेक्षाही लहान, कपाळावर दिव्याची पट्टी बांधलेली. साहेबांना टाळायला जागाच राहिली नाही. स्टँड त्यांचं, शिबिर त्यांच्याच खिडकीसमोर, आणि इतकी वर्षं ज्यांना-ज्यांना त्यांनी तोंड दाखवलं होतं ते सगळे मजा बघायला जमलेले. चहावाला गॅस बारीक करून आला होता.

साहेब खुर्चीवर बसले. मॅडमनी छोटा आरसा आत घातला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, हातमोज्याच्या बोटानं चाचपून बघितलं. मानेच्या गाठी बघितल्या.

"काका, तुमची एक दाढ तुटलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "तिची कड गालाला घासते. रोज घासून घासून तिथली कातडी जाड झालीय, म्हणून पांढरी दिसते. कड घासून गुळगुळीत करावी लागेल. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा, पण बहुतेक निघून जाईल."

"आन् हिरडीवरचं जांभळट?"

"तो तुमचा रंग आहे, काका. अंगाला असतो तसा तोंडातही असतो."

चहावाल्याला हसू आवरेना. साहेबांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. सुटका झालेल्या माणसाचा नव्हता तो. भर मंडपात आहेराचं पाकीट उघडून ते रिकामं निघावं, तसा होता. "मॅडम, नीट बघा ना एकदा," ते म्हणाले. "लई वर्षांचा हाय. नुसती दाढ कशी असंल?"

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. गर्दी बघून मागेच थांबल्या. मॅडमनी विचारलं, "ह्या कोण?"

"आमचं घर," साहेब म्हणाले.

"या काकू, तुमचंही बघते. बसा."

"तिचं काय बघता मॅडम?" साहेब खुर्चीवरून अजून उठले नव्हते. "तिला काही न्हाई. सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई ती. मिसरी लावते तेवढीच."

मॅडमचा हात जागच्या जागी थांबला. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही उठा."

काकू येईनात. मी जाऊन त्यांच्या हातातला डबा घेतला, खांद्यावर हात ठेवून त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. पदर सोडायला त्यांनी बराच वेळ घेतला. तोंड उघडलं, पण अर्धंच. मॅडमनी खालचा ओठ हलकेच बाजूला केला, आत दिवा धरला. खालच्या हिरडीपाशी, जिथं मिसरीचं बोट रोज फिरतं, तिथपासून गालापर्यंत लाल-पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधे चिरल्यासारखी जखम. मी शेजारीच उभी होते, मला दिसलं. ते बघायला कुणी दात ओळखणारं असण्याची गरज नव्हती.

मॅडम हसत नव्हत्या आता. "काकू, तिखट लागतं का इथं?"

"लागतंय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

"कधीपासून?"

काकूंनी खाली बघितलं. "भाजीत तिखट टाकणं बंद केलं तवापासून."

माइकजवळ कुणीतरी गाडीची वेळ विचारत होतं. साहेब तिथं उभे होते, पण त्यांनी त्या माणसाकडे बघितलं नाही. चहावाला हळूच आपल्या गाड्याकडे निघून गेला. त्याच्यामागे एक-एक करून सगळेच पांगले.

मॅडमनी कागद काढला. "मिसरी किती वेळा लावता?"

"सकाळी. दुपारी. निजताना."

"तंबाखू कोण आणून देतं?"

"बाजारातून येती," काकू घाईनं म्हणाल्या.

"मी आणतो," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक, की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं. "मीच आणतो, मॅडम."

आठ दिवसांत नांदेडला जखमेचा तुकडा काढून तपासायला दिला. साहेब ज्याला घाबरत होते ते नाव आलं, आणि ते काकूंच्या कागदावर आलं. मोठं ऑपरेशन झालं. खालच्या जबड्याचा तुकडा गेला, छातीवरचं मांस-कातडं घेऊन गाल आतून शिवला. मग पुढचा शेक सुरू झाला. विजेच्या मशीननं देतात तो.

मी सुट्टीच्या दिवशी भेटायला गेले. काकूंच्या नाकात नळी होती, चेहरा सुजून एका बाजूला गेला होता. डोळे मात्र लख्ख उघडे. वॉर्डातली सिस्टर मला बाहेर नेऊन हसत म्हणाली, "तुमचे साहेब कमाल आहेत. काल मोठे डॉक्टर राउंडला आले, तर ह्यांनी सवयीनं आ केला. दाढेची जागा दाखवायला. बाईंना बोलता येईना, तर त्यांनी उशाचा टॉवेल उचलून ह्यांच्या तोंडावर मारला."

साहेब व्हरांड्यात बसले होते. हातात वाटी, चमच्यानं काहीतरी घोटत होते. दाढी वाढलेली. मी शेजारी बसले. मला राग होता, तो मी लपवला नाही. पण आधी तेच बोलले.

"तिनं सांगितलं न्हाई बघ मला. इतके दिवस आग होत व्हती, एका शब्दानं बोलली न्हाई."

"तुम्ही विचारलं होतं का, साहेब?"

ते घोटायचे थांबले.

"विचारत व्हतो ना," ते म्हणाले. "रोज विचारत व्हतो. आरशासमोर उभं राहून तिला हाक मारायचो. 'अगं, बघ बरं, माझा वाढून राहिला का?' ती येऊन बघायची. हातात बॅटरी धरायची."

आजवर त्या माणसावर मी खूप हसले होते, त्याच्या पाठीमागे नकलाही केल्या होत्या. पण ते आता स्वतःबद्दल जे बोलले, तितकं बोचरं मला कधी सुचलं नसतं, आणि त्यांना ते बोचरं आहे हे कळलंही नव्हतं. ते फक्त काय झालं ते सांगत होते.

काकू वाचल्या. लवकर सापडलं असतं तर जबडा राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. पण वाचल्या. साहेबांची नोकरी थोडी शिल्लक होती, ती त्यांनी रजा टाकून टाकून संपवली. स्टँडवर आले तरी खिडकीत मान खाली घालून बसायचे. दाढ घासून घेतली होती. डाग गेला की राहिला, कुणाला कळलं नाही, कारण त्यांनी तो पुन्हा कुणाला दाखवला नाही. ग्रुपवर फुलांचे फोटो तेवढे राहिले. आमच्यातल्या काहींना करमेना, हेही सांगून टाकते.

निवृत्तीनंतर दोघं सिद्धेश्वरकडच्या त्यांच्या गावी राहायला गेले. धरणाच्या पाण्यावर थोडी जमीन आहे. नांदेडला तपासणीसाठी यायचे-जायचे तेव्हा कधी कधी माझ्याच गाडीत बसायचे. साहेबांनी घरचा स्वयंपाक हाती घेतला होता. तो कसा होत असेल, ते काकूंच्या चेहऱ्यावरून कळायचं.

एक गोष्ट मला त्या गाडीतच कळली. काकू आता बोलायच्या, खूप बोलायच्या. जबडा एका बाजूचाच, जीभ आखडलेली, त्यामुळे शब्द सगळे एकमेकांत मिसळून यायचे. दुसऱ्या कुणाला एक अक्षर कळत नसे. साहेबांना सगळं कळायचं.

गेल्या उन्हाळ्यात असेच दोघं चढले. काकू खिडकीशी, साहेब त्यांच्या शेजारी. मागच्या सीटवर एक बाजारहाट करून निघालेली बाई होती. तिनं काकूंच्या चेहऱ्याकडे बघून सरळ विचारलं, "काय झालं वो, माय?"

काकू मान वळवून काहीतरी बोलल्या. बाई गोंधळली. साहेब म्हणाले, "ती म्हणून राहिली, मिसरीनं झालं. तुमी लावत असाल तर आजच सोडा."

बाईचा हात आपोआप पदराकडे गेला. काकू पुढे बोलल्या.

साहेब म्हणाले, "म्हणते, घरात एक माणूस व्हता. त्याला सोताच्या तोंडाबिगर दुसरं काही दिसत नव्हतं."

"अगं बाई! कोण माणूस?"

"मीच," साहेब म्हणाले.

गाडीत हशा पिकला. ड्रायव्हरनंही आरशातून मागे बघितलं. काकूंना आता जोर चढला होता. हात हलवत त्या बोलत होत्या आणि साहेब एकही शब्द न वगळता, न सजवता सांगत होते. "म्हणते, तो माणूस आता भाजी करतो. मीठ टाकलं का न्हाई, ते त्याला आठवत न्हाई. म्हणून दोनदा टाकतो... म्हणते, भाकरी करायला गेला तर पोळपाट जळाला... न्हाई, पोळपाट कसा जळंल, अगं... बरं, जळाला. म्हणते, जळाला."

मी तिकिटं द्यायची थांबले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं इतकं नीट ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

मग हसणं ओसरलं. काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. कॅनॉलच्या कडेनं गाडी चालली होती. बाहेरच बघत त्या हळू आवाजात आणखी काहीतरी बोलल्या. ह्या खेपेला बरंच लांब.

मागची बाई पुढे वाकली. "आता काय म्हणल्या?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढून काकूंच्या हनुवटीवरची लाळ टिपली. घडी घालून रुमाल परत ठेवला.

"ते मला म्हणली," ते म्हणाले, आणि हात लांबवून खिडकीची काच काकूंना वारा लागू नये इतकी ओढून घेतली.